चौथ्या नटाचा ठराव

विलास नाचणकरांनी आयुष्यात गाडीचा एकही नट स्वतःच्या हाताने काढला नव्हता, पण तो कसा काढायला हवा होता हे ते वर्षानुवर्षं लोकांना लेखी कळवत आले होते. विमा कंपनीत ते वाहनदाव्यांच्या खात्यात होते. कुणाची गाडी झाडावर आपटो की खाडीत जावो, विलासरावांच्या सहीचं पत्र ठरलेलं असायचं: 'सदर नुकसान दावेदाराच्या निष्काळजीपणामुळे झाल्याचे निदर्शनास आले असून...' पुढचं वाचायची गरजच पडत नसे. चिडलेले लोक ऑफिसात येऊन टेबलावर मूठ आपटत, तेव्हा विलासराव त्यांना पाणी देत. पाण्याच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता.

अशा माणसाच्या गाडीचं पुढचं डावं चाक रविवारी सकाळी बसलेलं निघालं, आणि तेही सोसायटीच्या वार्षिक सभेच्या दिवशी.

ही सोसायटी म्हणजे उमेळ्यातली 'कदलीवन'. इथे पूर्वी चुऱ्यांची केळीची वाडी होती. बिल्डरने केळी कापली आणि इमारतीला त्यांचं नाव दिलं. आपल्याकडे हल्ली जे कापतात त्याचं नाव ठेवायची पद्धत आहे. इमारतीखाली गाड्यांना मोजक्याच जागा होत्या, बाकीच्या गाड्या बाहेर नाल्याकाठी. नाल्याकाठी म्हणजे काय, हे पावसाळ्यात कळतं. मागच्या पावसात तिसऱ्या मजल्यावरच्या प्रीतम सावेच्या नव्या गाडीत पाणी शिरलं आणि मागच्या सीटखाली एक जिवंत निवटी सापडली. त्या मासळीसकट प्रीतमने विम्याचा दावा केला. तो कुणाच्या टेबलावर गेला हे वेगळं सांगायला नको. 'दावेदाराने वाहन जाणूनबुजून सखल भागात उभे केले' असं उत्तर गेलं, आणि तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले की दोघंही मोबाइल बघत.

विलासरावांची गाडी मात्र सात नंबरच्या जागेवर, छपराखाली, कोरडी ठणठणीत उभी असायची. उभीच असायची. तिला बाहेर काढायचं कारण त्यांना सहसा सापडत नसे. नेमकं यावरच सोसायटीने बोट ठेवलं होतं. तीन महिने जागची न हललेली गाडी टाकाऊ समजायची आणि तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या सभासदाला द्यायची, असा नियम झाला होता. यादीत पहिला प्रीतम होता. विलासरावांच्या गाडीचे तीन महिने आज भरत होते आणि सभा संध्याकाळी होती. तोवर गाडी आपल्या चाकांवर चालत फाटकाबाहेर जाऊन परत आली नाही, तर सात नंबर प्रीतमचा आणि नाला विलासरावांचा.

"अहो, स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याला फोन करा," हेमांगीवहिनी खिडकीतून म्हणाल्या.

"बाहेरचा मेकॅनिक आवारात आणायला बंदी आहे. आणि चाक बदलायचं, त्यात काय एवढं? चार नट असतात. मी जन्मभर गाड्यांमध्ये आहे, हेमांगी."

"गाड्यांमध्ये नाही, कागदांमध्ये," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. खिडकी हलकेच लावली असती तर विलासरावांनी कदाचित फोन केलाही असता. पण ती जोरात लागली, आणि इथे पहिल्यांदा प्रश्न इभ्रतीचा झाला.

डिकीतून जॅक निघाला, पाना निघाला, स्टेपनीही निघाली. नशिबाने तिच्यात हवा होती. विलासरावांनी गाडी जॅकवर चढवली आणि पाना लावून जोर केला. चाक फिरलं. अजून जोर केला, चाक अजून फिरलं. नट पान्याबरोबर, पाना चाकाबरोबर आणि विलासराव पान्याबरोबर असे सगळे गुण्यागोविंदाने गोल फिरत होते.

"विलासभाऊ, काय चक्की चालवता का?" कुंपणापलीकडून आवाज आला. हा आग्नेल तुस्कानो. भिंतीपलीकडे त्याचं जुनं घर आणि उरलीसुरली वाडी होती. पंचवीसेक वर्षं आखातात काढून परत आल्यापासून त्याला दोनच कामं होती, विहिरीचा पंप दुरुस्त करणं आणि भिंतीवरून सल्ले देणं. "अरे बाबा, गाडी खाली घ्या. चाक जमिनीला टेकवा, मग नट ढिला करा. मग उचला!"

विलासरावांनी "तेच करत होतो" असं म्हणत गाडी खाली घेतली. मग पहिला नट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याने थोडे आढेवेढे घेतले, पण निघाला. विलासरावांची छाती दोन इंच फुगली. त्यांनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत प्रीतम सावे चहाचा कप घेऊन कठड्याला टेकला होता. विलासरावांनी मुद्दाम शीळ घालत चौथ्या नटाला पाना लावला, आणि शीळ मध्येच थांबली.

चौथा नट हलेना. हाताने हलेना, दोन्ही हातांनी हलेना, पान्यावर पाय देऊन हलेना. गंजून तो चाकाशी असा एकजीव झाला होता की कारखान्यातून तसाच आला असावा असं वाटावं.

"थांबा!"

सेक्रेटरी भालचंद्र चुरी आले होते. वाडी विकून पुष्कळ वर्षं झाली तरी चुरीकाका आवारातून अजून पाटाचं पाणी बघायला निघाल्यासारखे, धोतराचा सोगा हातात धरून फिरत. "नाचणकर, हे काय चाललंय? आवारात दुरुस्ती?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. प्रीतमला रविवारी आपली मोटारसायकल सुटी करून परत जोडायचा नाद होता. हे तो सात नंबरच्या शेजारीच करत असे आणि तेलाचा ओघळ विलासरावांच्या गाडीखाली येत असे. म्हणून गेल्या सभेत विलासरावांनी स्वतः एक ठराव लिहून आणला आणि मंजूर करून घेतला. आवारात जो सभासद वाहनाची दुरुस्ती करील त्याचा पार्किंगचा हक्क, किंवा यादीतला क्रमांक, रद्द होईल. 'ज्या कृतीत अवजाराचा वापर होतो अशी प्रत्येक कृती दुरुस्ती समजण्यात येईल.' चुरीकाकांना हे वाक्य तोंडपाठ होतं. त्यांनी ते पान्याकडे बोट दाखवून म्हटलं.

"भाषा फार चोख आहे हो तुमची," ते पुढे म्हणाले. "कुठूनच सुटता येत नाही."

विलासरावांना आपला ठराव आता कुठे आठवला. गाडी हलवायला दुरुस्ती हवी, आणि दुरुस्ती करायला गाडी आवाराबाहेर हलवायला हवी. अशा पेचात त्यांनी आजवर बऱ्याच लोकांना घातलं होतं, पण आतून तो कसा दिसतो ते त्यांना पहिल्यांदाच दिसलं. त्यांना चक्क रडू आल्यासारखं झालं.

चुरीकाकांनाही आतून सात नंबर प्रीतमकडे जायला नको होता. सहा नंबरची जागा त्यांची होती. सातवर प्रीतम आला म्हणजे तेलाचा ओघळ सहाकडे वळणार, हे वाडीवाल्या माणसाला उतार बघून कळतं. ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "धार्मिक कार्याला मात्र आवार खुलं आहे. त्याच सभेतला ठराव. गाडीची पूजा करायला कोण नाही म्हणतंय?"

"आज कसली पूजा?"

"दसऱ्यालाच करावी असं कुठे लिहिलंय? पूजेत पाना असतो. पान्याला कुंकू लावा. मग ते अवजार नाही, पूजेचं साहित्य झालं."

हेमांगीवहिनी ताम्हण घेऊन खाली आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला भक्ती म्हणता येणार नव्हतं. पान्याला, जॅकला, स्टेपनीला हळदकुंकू लागलं. उदबत्ती खोवायला जागा सापडेना, तेव्हा ती फाटलेल्या टायरच्या चिरेत खोवली. आता सुरू करावं म्हणून विलासराव वाकले, तर चुरीकाका म्हणाले, "नारळ? नारळाशिवाय पूजा कोण मानेल? सभेत विचारलं तर मी काय सांगू?"

नारळ आग्नेलने भिंतीवरून दिला. विलासरावांनी तो धरला, चुरीकाकांनी फोडला, आणि विलासरावांनी सवयीने सगळं पाणी चाकावर ओतलं.

"हे!" हेमांगीवहिनी ओरडल्या. "दर दसऱ्याला हेच करता तुम्ही. बॉनेटचा रंग जाईल म्हणून याच चाकावर ओतता. आणि मग विचारता नट कसा गंजला!"

विलासरावांच्या डोळ्यांपुढे पत्र तरळलं: 'दावेदाराने वाहनाच्या चाकावर नियमितपणे नारळपाणी ओतल्याचे निदर्शनास आले असून...' सही त्यांचीच होती.

नारळ फुटल्याच्या आवाजाने इमारत जागी झाली. सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या यशोदाकाकू सगळ्यांत आधी आल्या. त्यांचा मुलगा नवी गाडी घेणार होता आणि यादीत त्यांचा नंबर प्रीतमच्या मागोमाग होता. पण मदतीला त्या कायम पुढे. त्यांनी खोबरेल तेल गरम करून आणलं. ते ओतलं. मग तांब्याची भांडी चिंचेने निघतात म्हणून चिंचेचा कोळ आणला. तोही ओतला. मग आंबट ताक. कुणीतरी कोल्ड्रिंकची अर्धी बाटली आणली, आग्नेलने पंपासाठी ठेवलेला गंज सोडवायचा फवारा दिला, आणि फवारा मारायच्या आधी उदबत्ती विझवायची कुणाला तरी सुदैवाने आठवण झाली. चाकाला कढीचा वास येऊ लागला. सोसायटीचं मांजर येऊन ते चाटून गेलं. नट जागचा हलला नाही.

"ताकद नको, लांबी पायजे," आग्नेल म्हणाला आणि त्याने भिंतीवरून पाण्याचा एक लांबलचक लोखंडी पाईप सोडला. पान्याच्या दांड्यावर पाईप चढवायचा आणि टोकाला जोर द्यायचा. कल्पना सगळ्यांना आवडली. पाईप चढला. आणि मग चुरीकाकांनी विचारलं, "पण फिरवायचा कुठल्या बाजूला?"

"मघाशी तीन काढले तसाच," विलासराव म्हणाले.

"हा डाव्या चाकाचा आहे."

"ते तीनही डाव्याच चाकाचे होते."

"ते निघाले ना? हा निघत नाही. याचा अर्थ याचे आटे उलटे असणार. माझ्या वाडीच्या पंपाला असा एक नट होता. दोन गडी दिवसभर झटले, आणि उलटा फिरवल्यावर चुटकीसरशी निघाला."

"चुरी, काय पण सांगतो!" आग्नेल भिंतीवरून ओरडला. "गाडीला असं नसतं!"

"तुस्कानो, तू सभासद नाहीस," चुरीकाका म्हणाले. हे खरं होतं. विषय गंभीर होता आणि जमलेल्यांत दोन तट पडले होते, म्हणून सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे मत घ्यायचं ठरलं. नट उलटा फिरवावा असं चुरीकाकांनी मांडलं, यशोदाकाकूंनी अनुमोदन दिलं. हात वर झाले. विलासरावांचा हात अर्धा वर होता, तो बाजूने धरण्यात आला. ज्याला नटाची दिशा ठाऊक होती तो एकटा भिंतीपलीकडे होता आणि त्याला मत नव्हतं. ठराव बहुमताने मंजूर झाला.

त्या बहुमताने सगळे पाईपावर पडले. चुरीकाका "हां, जोर लावा" म्हणत सोगा सावरत बाजूला उभे राहिले. विलासराव तर पाईपाच्या टोकावर उभेच राहिले आणि तिथे त्यांनी तीन उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला 'कर्रर्र' असा आवाज झाला.

"हलला! सुटला!" विलासराव ओरडले, आणि पाईपासकट खाली आले. त्याच क्षणी आणखी एक आवाज झाला, तो पँटचा होता. गाडीचा भोंगाही कशाने कोण जाणे वाजू लागला आणि वाजतच राहिला. त्या गजरात विलासराव जमिनीवर बसून मागची बाजू कुठे कुठे उघडी पडली आहे ते हाताने चाचपत होते. हेमांगीवहिनींनी ताम्हणाखालचं लाल वस्त्र काढून त्यांच्या अंगावर टाकलं आणि दुसरीकडे बघितलं.

वर तिसऱ्या मजल्यावर प्रीतम सावेचा चहा कधीच थंड झाला होता. सकाळपासून तो माणूस काय भोगत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. नट निघू नये यातच त्याचं भलं होतं. "तोंड उघडलंस तर बघ," असं त्याच्या बायकोने, सुरुचीने, बजावलं होतं. जॅक आधी चढवला तेव्हा तो गप्प बसला. ताक ओतलं तेव्हा त्याने कठडा घट्ट धरला. मतदान झालं तेव्हा तो आत जाऊन पाणी पिऊन आला. पण ज्याला मोटारसायकल सुटी करून जोडायचा नाद आहे, त्याला नट असा घट्ट होत जाताना बघणं म्हणजे आपल्या पोराला कुणीतरी उलटं धरून दूध पाजतंय असं वाटतं. कर्रर्र झालं आणि त्याचा धीर सुटला. तो हातोडी घेऊन जिना उतरून खाली आला.

"नाचणकरसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही नट घट्ट करताय."

"हलला तो!" विलासराव वस्त्र सावरत म्हणाले.

"हलला. आत गेला."

प्रीतम खाली बसला. आधी त्याने बॅटरीची वायर काढून भोंगा बंद केला, मग फडक्याने कढी पुसली, फवारा मारला आणि हातोडीने नटाच्या डोक्यावर हलके हलके ठोके देत राहिला, झोपलेल्या माणसाला उठवतात तसे. "घाई नको," तो नटालाच म्हणाला. विलासराव वाकून बघत होते. एवढ्या वर्षांत इतक्या गाड्यांबद्दल लिहिलं, पण गाडीशी कुणी असं बोलताना त्यांनी पाहिलं नव्हतं. मग प्रीतमने पाईप चढवला, बरोबर बाजूला वळवला, कोपरापर्यंत काळे झालेले हात टोकाशी नेले आणि छाती भरून एकच हिसका दिला.

नट किंचाळला आणि सुटला.

आवारात टाळ्या पडल्या. आग्नेलने भिंतीवरून शिट्टी मारली. प्रीतम उभा राहिला, नट हातात धरून लखलखीत हसला, आणि तेवढ्यात वरून सुरुचीचा आवाज आला, "प्रीतम! काय करून बसलास रे हे?"

प्रीतमने सात नंबरच्या जागेकडे बघितलं, मग हातातल्या नटाकडे बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. विलासरावांनी आभार मानायला तोंड उघडलं. पण बाहेर आलं ते भलतंच. "मी मघाशी थोडा सैल करून ठेवला होता म्हणून निघाला तसा."

"उलट्या बाजूला!" प्रीतम म्हणाला, आणि जिना चढून गेला.

दुपारी गाडी फाटकाबाहेर पडली, नाक्यापर्यंत जाऊन परत आली आणि सात नंबरवर उभी राहिली. विलासरावांनी जेवताना दोनदा आणि जेवल्यावर एकदा सांगितलं की नट खरं तर त्यांनीच सैल केला होता. हेमांगीवहिनी ताटं उचलून आत गेल्या.

संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. चुरीकाकांनी वाचलं, "सात नंबर. गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर जाऊन आली. जागा कायम." आणि ते पुढच्या विषयाकडे वळणार एवढ्यात यशोदाकाकू उभ्या राहिल्या.

"माझी एक शंका आहे," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तो नट पान्याने काढला ना? मग ती दुरुस्ती झाली. नाचणकरांचा ठराव आहे. दुरुस्ती ज्याने केली त्याचा हक्क रद्द, आणि यादीतला नंबरही रद्द. तर नट काढला कुणी, एवढंच लिहून घ्या." खोबरेल, चिंच आणि ताक देऊन झाल्यावर त्या आता हिशेबाला आल्या होत्या. नट विलासरावांनी काढला असेल तर त्यांची जागा जाणार. प्रीतमने काढला असेल तर त्याचा नंबर जाणार. दोघांनी काढला असेल तर काकूंच्या मुलाला सात नंबर आजच मिळणार.

"नट मी काढला," प्रीतम ताडकन म्हणाला. सुरुचीने त्याचा शर्ट ओढला, तरी तो उभाच. "काढला म्हणजे काढला! सगळ्यांसमोर काढला. खोटं कशाला बोलू?"

चुरीकाकांनी विलासरावांकडे बघितलं. सगळी सभा बघत होती. विलासरावांना काही म्हणजे काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, की प्रीतम यादीतून कायमचा उडाला असता, तोही विलासरावांच्याच चोख भाषेत. त्यांनी प्रीतमच्या हातांकडे बघितलं. तीनदा साबण लावूनही ते कोपरापर्यंत काळेच होते.

विलासराव उठले. "दुरुस्ती झालीच नाही," ते म्हणाले. "आवारात पूजा होती. आम्ही दोघं पूजेला बसलो होतो, मी आणि सावे. सेक्रेटरी स्वतः हजर होते, नारळ त्यांनी फोडला."

चुरीकाकांनी झटकन मान हलवली. "मी फोडला. खोबरं वाटलंसुद्धा." यशोदाकाकूंनी ते खाल्लं होतं, त्यामुळे त्यांना खाली बसावं लागलं.

"पूजा कसली हो?" प्रीतम ओरडला. "नट होता तो! मी..." सुरुचीने या वेळी शर्ट नाही, त्याचा दंडच धरला आणि कानात काहीतरी म्हणाली. यादीतला नंबर, नाला, निवटी असं काहीतरी असावं. प्रीतम खाली बसला. पण जेमतेम टेकला आणि पुन्हा उठला.

"बरं, पूजा तर पूजा," तो म्हणाला. "पण शेवटचा हिसका माझा होता. नुसत्या माझ्या एकट्याचा. तेवढं तरी लिहा."

चुरीकाकांनी पेन उचललं आणि ते विलासरावांकडे बघत थांबले. हरकत घ्यायची तर ती विलासरावांनीच घ्यायची होती. 'मी आधी सैल केला होता' हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. हेमांगीवहिनी श्वास रोखून बघत होत्या. विलासरावांनी ते वाक्य गिळलं.

"लिहा," ते म्हणाले.